आमची आंधळी मनी

आंधळ्यांविषयीं मराठींत म्हणी थोड्या नाहींत, आणि मांजरांविषयींही नाहींत. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. मांजर डोळे मिटून दूध पितें आणि आपण जगास दिसत नाहीं असें समजतें. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी हा प्रश्न तर प्रत्येक मंडळाच्या बैठकींत आजही पडतो. परंतु खुद्द आंधळ्या मांजराविषयीं म्हणून एकही म्हण आमच्या ऐकण्यांत आलेली नाहीं. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. म्हण पडण्यास एकच गोष्ट पुष्कळांनीं पुष्कळ वेळां पाहावी लागते, आणि डोळे गेलेलें मांजर तितके दिवस जगत नसे.

आमच्या घरीं असें एक मांजर दहा वर्षांवर जगलें आहे, व अद्याप जगत आहे. आमचें घर वाणगांवास. बोईसर मागें टाकून उत्तरेकडे जाणारी लोकल डहाणू गांठण्यापूर्वीं जेथें शेवटची थांबते, तें हें गांव. भोंवतीं मिरचीचीं शेतें व चिकूच्या वाड्या, आणि समुद्र जवळ असल्यामुळें सकाळीं दारावर मासळीची पाटी. २०१५ सालच्या आषाढांत आमच्या परसांतील पेंढ्याच्या उडवीआड एक भटकी मांजरी व्याली. पिलें आमच्या दृष्टीस पडलीं तेव्हां तिसरा आठवडा उलटला होता. मांजराच्या पिलाचे डोळे साधारणपणें सातव्या आणि चौदाव्या दिवसांच्या दरम्यान उघडतात; ह्या चौघांचे मिटलेलेच होते, आणि खालीं पू दाटल्यामुळें पापण्या बोरांसारख्या फुगल्या होत्या. हर्पीस कुळांतील एक विषाणु आणि क्लॅमिडिया नांवाचा जंतु हे ह्या रोगाचे नेहमींचे अपराधी. ते आईकडून पिलांस मिळतात, आणि मिटल्या पापणीआड सांचलेला पू बुबुळावरील पारदर्शक पडदा कुरतडून फोडतो. कोमट पाण्याच्या बोळ्यानें पापण्या भिजवून वेळींच उघडल्या, पू निघूं दिला व डॉक्टरांकडून मलम आणून घातलें, तर पुष्कळ पिलांचे डोळे वांचतात. ज्यांच्या माळ्यावर पावसाळ्यांत मांजरी आसरा घेतात त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आमच्या चौघांपैकीं तीन पिलें दोन दिवसांत गेलीं. चौथें राहिलें, परंतु त्याचा डावा डोळा आंत बसला होता आणि उजव्यांत फूल पडलें होतें.

तें पिलूं पाहून जवळच्या एका पशुवैद्यांनीं मान हलविली. "ह्याला सुई देऊन मोकळें करा. आंधळें मांजर जगवाल तर ती दया नव्हे, शिक्षा आहे," असें ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत कठोरपणा मुळींच नव्हता. अशीं पिलें त्यांनीं कितीतरी पाहिलीं असतील. जनावरांस क्रूरपणें वागविण्यास बंदी करणारा १९६० चा कायदाही ह्या बाबतींत दोन्ही अंगांनीं बोलतो. जनावरास उपासमार होईल अशा रीतीनें निष्कारण सोडून देणें हा त्याप्रमाणें गुन्हा आहे, आणि ज्यास जिवंत ठेवणें हीच क्रूरता ठरेल त्यास मारविण्याचा अधिकारही त्यांत न्यायालयास दिलेला आहे. मांजराचीं पिलें पोत्यांत घालून खाडीपलीकडे किंवा बाजारांत सोडून येणाऱ्या गृहस्थांस यांतील पहिलें कलम माहीत नसतें. आम्हांस अडचण पडली ती दुसऱ्याची. ही क्रूरता कोणाच्या मापानें मोजावयाची? जन्मास येऊन ज्यानें उजेड पाहिलाच नाहीं, त्याच्या हातून काय हिरावलें गेलें, हें डोळस माणसानें ठरविणें म्हणजे मासळी न खाणाऱ्यानें पापलेटाची पारख करण्यासारखें आहे. वैद्य बोलत होते तेवढ्या वेळांत पिलूं त्यांच्याच टेबलावर बोळ्यानें पाजलेलें मांदेलीचें पाणी चाटून संपवून आणखी मागूं लागलें. आम्ही त्यास परत घरीं आणिलें.

पुढें कोमेजलेले ते डोळे वरचेवर चिघळूं लागले. ते काढून पापण्या शिवून टाकाव्या, असा दुसऱ्या एका डॉक्टरांनीं सल्ला दिला. पांच महिन्यांचें झाल्यावर तें मांजर झांकणाच्या वेताच्या करंडींतून मुंबईस गेलें. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटच्या लोकल डहाणूपर्यंत येऊं लागल्या आहेत, म्हणून ही शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीची यात्रा एका बैठकींत होऊं शकली. मांजराच्या डोळ्यांसाठीं मुंबईस जाणें हें आमच्या आळींत पुष्कळांस हास्यास्पद वाटलें. परंतु परळास बाई साकरबाई दिनशा पेटीट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभें आहे, तेव्हां असें हास्यास्पद वर्तन करणारे आम्ही कांहीं पहिले नव्हे.

नांवाविषयीं बराच खल झाला. आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं 'गांधारी' सुचविलें. परंतु गांधारीनें डोळ्यांवर पट्टी आपण होऊन बांधिली होती, आणि त्या त्यागाचा तिला अभिमानही होता. आमच्या मांजरीच्या ठिकाणीं ह्यांतील कांहींच नाहीं. शेवटीं मराठी घरांतील प्रत्येक मांजरीस जें नांव मिळतें तेंच हिलाही मिळालें.

मनीस घर पाठ होण्यास तीन आठवडे लागले. ती कोंपऱ्यापासून आरंभ करी. भिंतीस एका बाजूच्या मिशा लावून चाले. उंबरा लागला कीं थांबे, पुढचा पाय त्यावर ठेवी आणि मग पलीकडे जाई. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, अशा क्रमानें तिनें एकेक खोली जिंकिली. प्रत्येक खोलीचा उंबरा तिच्या पायास वेगळा लागतो. ओटीचा झिजलेला आहे, माजघराचा उंच आहे, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यास एके ठिकाणीं भेग आहे. ह्या उंबऱ्यांवरून ती आपण कोठें आहों हें ओळखते. तिला पोसण्याची विद्या त्या मानानें अगदीं थोडी आहे. पाण्याची वाटी आणि वाळूचें घमेलें यांची जागा कधीं बदलावयाची नाहीं. हात लावण्यापूर्वीं आवाज द्यावयाचा. उचलून घेतलीच तर खालीं सोडतांना वाटीपाशीं सोडावयाची, म्हणजे आपण कोठें आहों हें तिला तत्काळ कळतें. खोलीच्या मध्यें सोडली तर ती खोलींत हरवते. विहिरीस कठडा आणि पडवीस जाळी हवी. अंगणांत आमच्या सोबतीखेरीज जाणें नाहीं, कारण पेंढ्यांत घोणस असते आणि घोणशीच्या फूत्कारास भिऊन मागें हटावें, कीं तेथेंच थबकावें, हें नुसत्या कानांनीं ठरवितां येत नाहीं. एवढें संभाळलें म्हणजे झालें. पाहुण्यांस मात्र चपला वाटेंत न काढण्याविषयीं विनवावें लागतें. पाहुणे मांजरासाठीं चपला उचलतात खरे, पण त्यांच्या मुद्रेवरून आमच्याविषयीं त्यांचें मत काय झालें हें दिसतें.

मांजराच्या मिशा आपल्यासारख्या शोभेच्या नसतात. वरच्या ओंठाच्या दोन्ही बाजूंस मिळून चोवीसच्या आसपास, शिवाय भुंवयांवर आणि पुढच्या पायांच्या मागेंही त्या असतात. प्रत्येकीच्या मुळाशीं रक्ताची पिशवी आणि मज्जातंतूंचें जाळें असतें, त्यामुळें नुसत्या हवेची हालचालही तिला कळते. माणसाचा कान सेकंदास वीस हजार कंपनांपलीकडचें ऐकत नाहीं; मांजराचा साठ हजारांच्याही पुढें जातो. परंतु डोळे नसलेल्या मांजराचे कान आणि मिशा याहूनही कांहीं निराळ्या होतात काय? योसेफ राउशेकर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९९० नंतरच्या वर्षांत याचा शोध घेतला. जन्मापासून न पाहिलेलीं मांजरें आवाजाची दिशा डोळस मांजरांपेक्षां अचूक सांगतात, विशेषतः बाजूचा व पाठीमागचा आवाज. त्यांच्या मिशाही वाढतात. आणि मेंदूंत जो भाग पाहण्यास वाहिलेला असावयाचा, त्यांतील कांहीं भाग ऐकणें व स्पर्श हीं कामें आपल्याकडे घेतात. ही माहिती वाचून आम्हांस प्रथम फार आनंद झाला. मग तीं मांजरें आंधळीं कशीं झालीं हें वाचलें. पिलांच्या पापण्या शिवून टाकल्या होत्या. १९८१ चें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या ह्यूबेल व वीझेल यांनींही तीच युक्ति आधीं वापरिली होती. त्यांच्या शोधामुळें तिरळ्या व मोतीबिंदु असलेल्या लहान मुलांवर लवकर उपचार करण्याचें महत्त्व कळलें, आणि असंख्य मुलांची दृष्टि वांचली. हें सारें खरें आहे, आणि त्याचा इन्कार आम्ही करीत नाहीं. तरीही मनी मांडीवर निजलेली असतां तो लेख पुढें वाचवला नाहीं.

मांजरांचे डोळे जातात ते नेहमीं जंतूंमुळेंच जातात असें नाहीं. कित्येकांचे ते आपण प्रेमानें घालवितों. टॉरिन नांवाचें एक द्रव्य मांजराच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं; तें मांसांतून आणि मासळींतून मिळावें लागतें, धान्यांत व भाजीपाल्यांत तें जवळजवळ नसतेंच, आणि दुधांत अगदीं थोडें असतें. तें न मिळाल्यास डोळ्यांच्या आंतील पडदा झिजतो, हें १९७५ सालीं सिद्ध झालें. म्हणजे सोंवळ्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या मायेनें वाढलेला दूधभात हा एकट्यावर भागवावयाचा झाल्यास मांजरास अंधारांत लोटणारा आहे. सुदैवानें अशा घरांतील मांजरें कोळीवाड्यांत जाऊन आपला धर्म आपणच राखतात. म्हातारपणीं मात्र निराळेंच कारण आड येतें: मूत्रपिंडें थकतात, रक्ताचा दाब चढतो आणि डोळ्यांचा पडदा एका रात्रींत सुटतो. भर उजेडांत मांजराच्या बाहुल्या मोठ्या दिसूं लागल्या तर उद्यांवर न टाकितां डॉक्टर गांठावा.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे लहानमोठे धक्के बसूं लागले. धुंदलवाडीच्या बाजूस लोक थंडींत घराबाहेर निजत होते. मांजरांस असे धक्के आधीं कळतात, आणि आंधळ्यांस तर खासच कळत असतील, असें कित्येकांनीं आम्हांस सांगितलें, आणि मनीच्या हालचालींवर नजर ठेवण्यास दोघेतिघे येऊनही बसले. मनीस आधीं कांहीं कळत नसे. धक्का बसला कीं ती आमच्याइतकीच दचके. एके रात्रीं मात्र वीज गेलेली असतां धक्का बसला. आम्ही खाट, दार आणि एकमेकांवर आपटत बाहेर आलों, तों ती ओटीच्या उंबऱ्यावर आधींच येऊन बसलेली होती.

हितोपदेशांत जरद्गव नांवाच्या आंधळ्या गिधाडाची गोष्ट आहे. झाडावरचे पक्षी दया येऊन त्यास आपल्या घांसांतला घांस देत. दीर्घकर्ण नांवाचें मांजर गोड बोलून त्याच्या आश्रयास राहिलें आणि पक्ष्यांचीं पिलें खाऊन हाडें त्याच्या ढोलींत टाकून पळालें. अनोळख्यास थारा देऊं नये, असें तात्पर्य काढून शाळेंत ही गोष्ट शिकवितात. आमचें लक्ष आतां दुसरीकडेच जातें. ज्या पक्ष्यांनीं त्या आंधळ्यास इतके दिवस पोसलें त्यांनींच हाडें पाहतांक्षणीं, एक शब्द न विचारतां, त्यास मारून टाकलें. आंधळ्यावर केलेली दया किती लवकर परत घेतली जाते! आमच्या शेजारच्या वाळणावरचे सुके बोंबील एकदां नाहींसे झाले, आणि दोन डोकीं आमच्या पडवीच्या जाळीशीं सांपडलीं. तेवढ्यावर मनीवर आरोप आला. ती जाळीबाहेर जाऊं शकत नाहीं, हें सांगून पटेना. तिसऱ्या दिवशीं शेजारणीच्याच पिवळ्या बोक्यानें पुन्हा वाळणावर उडी घेतली तेव्हां तो विषय मिटला. "मेली, नशीबवान आहे तुमची मनी," असें म्हणून शेजारीण काकूंनीं संध्याकाळीं वाटीभर करंदी पाठविली.

आतां ह्या घराची वांटणी झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यापासून आमच्या ओटीवर जमिनीखेरीज दुसरें बोलणें ऐकूं येत नाहीं, आणि भाऊबंदांनीं घर उतरवून जागा मोकळी करावयाचें ठरविलें आहे. आमच्या वांट्यास आलेल्या पैशांतून बोईसरला तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या घेतल्या आहेत. माणसांचें होईल कसेंही. दहा वर्षांच्या मांजरीनें सबंध घर पुन्हा पाठ करावयाचें, हें मात्र आम्हांस रात्रीं जागवितें. जाणकार सांगतात कीं प्रथम एकच खोली द्यावी. तीत तिचें जुनें गोणपाट आणि जुन्या वाळूचें घमेलें न धुतां ठेवावें. तेथें ती निर्धास्त वावरूं लागली म्हणजे मग पुढचें दार उघडावें. तसें करणार आहों. परंतु नवें घर पाहून आल्यावर एक अडचण ध्यानांत आली. आंतल्या खोल्यांस उंबरे नाहींत. एका खोलींतली गुळगुळीत फरशी तशीच दुसरींत गेली आहे, आणि कोणती खोली कोठें संपली हें सांगणारें तिच्या पायास कांहींच नाहीं.

म्हणून प्रत्येक दारांत बोटभर उंचीची सागवानी पट्टी बसविण्यास आम्हीं सुताराला सांगितलें आहे. तिन्ही दारांच्या पट्ट्या वेगवेगळ्या हव्या, एक सपाट, एक गोलसर आणि एकीस मध्यें खांच, हें ऐकून त्यानें पेन्सिल कानामागें लाविली आणि हे उंबरे कोणासाठीं, म्हणून विचारलें. आम्हीं सांगितलें. तो क्षणभर थांबून म्हणाला, "मग खांचेची धार घासून द्यावी लागेल, तिच्या पायास लागेल ती." गुरुवारीं तो मापें घेण्यास येणार आहे.