काळी माती आणि बाळबोट

अंबाजोगाई

अंगणवाडीच्या ताईंस,


तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या कलाकामाचे साहित्य बाजारात नव्हे, तर भोवतालच्या निसर्गात शोधावे, ही दृष्टी महाराष्ट्राला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी दिली. 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू झालेल्या त्यांच्या कार्यात माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. बोर्डी समुद्रकाठी आहे, म्हणून तेथे शिंपले आले. बालाघाटच्या डोंगररांगेतील अंबाजोगाईने सीताफळाच्या बिया, पळसाची फुले, ज्वारीचा कडबा आणि मुख्यतः काळी माती हाती घ्यावी, हेच त्या दृष्टीचे खरे अनुसरण होय.

पोळ्याला मातीचे बैल करण्याची चाल मराठवाड्यात जुनी आहे. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीच्या कणांचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे ओली असताना ती बोटांना सहज वळते, परंतु सुकताना आकसून तडकते. तीत बारीक रेती आणि कडब्याचा भुसा मिसळला की तडे कमी होतात. हा फरक मुलांना सांगण्याऐवजी दोन्ही प्रकारचे बैल शेजारी वाळत ठेवून दाखवावा, कारण या वयात हाताने पडताळलेली गोष्टच ज्ञान ठरते. पर्णमुद्रण, म्हणजे पानाला रंग लावून त्याचा ठसा उमटवणे, करताना रंग पानाच्या पाठीला लावावा, कारण शिरा तेथे उठावदार असतात; पिंपळाच्या पानाचे जाळे आणि ज्वारीच्या पानाच्या समांतर रेषा मुले आपणहून ओळखतात. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मात्र अत्यंत विषारी असल्याने कितीही सुंदर दिसल्या तरी मुलांपासून दूरच ठेवाव्यात, आणि सीताफळाच्या बिया तोंडात वा डोळ्यांत जाणार नाहीत याकडे लक्ष असावे.

कागद नाही, ही सबब या गावात तरी शोभत नाही. येथील संतकवी दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर आपली ‘पासोडी’ लिहिली. जुन्या धोतराचा तुकडाही मुलांना चित्रासाठी पुरतो.

मोठ्यांनी आखून दिलेल्या आकृतीत रंग भरवून घेणे हे कलाशिक्षण नव्हे. त्यात मूल पाहणे सोडून रेषेला जपणे शिकते. म्हणून यंदाच्या पोळ्याला मुलांचे बैल वाकड्या शिंगांसह, न सुधारता, पालकांसमोर मांडावेत, ही ताईंना आग्रहाची विनंती आहे.