सदतीसच्या मागे

इंग्लंडमधल्या कार्लाइलच्या फलाटावर सकाळी दोन जातीची माणसं उभी असत. एक कामावर जाणारी. हातात कॉफी, डोळे मोबाइलमध्ये, कुठल्याही डब्यात चढायला तयार. दुसरी फलाटाच्या पार टोकाला, इंजिनाला लागून असलेल्या डब्याच्या दाराशी घोळका करून. यांच्या खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास आणि वही. कुठे निघालात विचारलं, तर म्हणत, "बॅरोला." बॅरोला काय काम? "काही नाही. परत यायचं."

मी तेव्हा तिथे नोकरीला होतो. पहिले काही दिवस मला ही माणसं वेडी वाटली. नंतर मीही पहिल्याच डब्यात बसायला लागलो.

*

2015 च्या मेपासून 2018 च्या डिसेंबरपर्यंत कम्ब्रियाच्या किनाऱ्यावरच्या काही पॅसेंजर गाड्यांना क्लास 37 ची डिझेल इंजिनं लागत होती. कारण रुक्षच होतं. सेलाफील्डच्या अणुप्रकल्पाकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढलेली आणि देशभर डिझेल रेलकारचा तुटवडा. म्हणून जुने मार्क 2 डबे आणि पन्नाशी गाठलेली इंजिनं भाड्याने घेतली.

इंजिनं ज्या कंपनीची, ती 1995 मध्ये ब्रिटिश न्यूक्लिअर फ्युएल्सने काढलेली. तिचं मूळ काम अणुसामग्रीची वाहतूक. म्हणजे वापरलेल्या अणुइंधनाची जाडजूड पोलादी पिंपं सेलाफील्डला नेणाऱ्या जातीची इंजिनंच तिथल्या कामगारांनाही नेत होती. तिच्या ताफ्यातल्या 37409 वर 'लॉर्ड हिंटन' अशी पाटी होती. सेलाफील्डच्या जागी पूर्वी विंडस्केल आणि कॅल्डर हॉल होतं, ते उभारण्याच्या कामाचे प्रमुख अभियंते हे हिंटन. पाटीकडे कामगारांपैकी कोणी बघताना मला तरी दिसलं नाही.

*

आकडे एकदाचे लिहून टाकतो. क्लास 37 ची एकूण 309 इंजिनं, 1960 ते 1965 या काळात बांधलेली. बारा सिलिंडर, 1750 अश्वशक्ती, वजन शंभर टनांच्या वर. आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-2 ची ताकद 2600, तेव्हा ताकदीच्या नावाने कौतुक करावं असं यात काही नाही.

कौतुक आवाजाचं.

*

या लोकांची स्वतःची बोली आहे. इंजिनामागून प्रवास करत हिंडणारा तो 'बॅशर'. नंबर टिपणारे वेगळे. ते फलाटावरच खूश असतात, आणि बॅशर त्यांना जरा कमी लेखतात. आजवर ज्याच्यामागे बसायला मिळालं नव्हतं असं इंजिन म्हणजे 'विनर'. काळा धूर म्हणजे 'क्लॅग'. पूर्ण जोर लावल्यावरची गर्जना म्हणजे 'थ्रॅश'. आनंद अनावर झाला की आरोळी एकच: "हेलफायर!" वाफेच्या इंजिनाला हे 'केटल' म्हणतात, म्हणजे चहाची किटली. त्यात तुच्छता आहे, हे उघडच.

इंजिनांना टोपणनावं. क्लास 40 म्हणजे 'व्हिसलर', कारण टर्बो शिट्टी घालतो. क्लास 50 म्हणजे 'हूवर', कारण तिचे पंखे झाडूयंत्रासारखे घोंघावायचे. क्लास 20 म्हणजे 'चॉपर'. आणि 37 म्हणजे 'ट्रॅक्टर'.

*

दाराची गोष्ट. या डब्यांच्या दाराला आतून कडीच नाही. खिडकीची काच खाली सरकवायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरचा दांडा फिरवायचा. एकदा वर्किंग्टनला शाळेतली एक मुलगी दारापाशी उभी राहून बटण शोधत होती. दाराच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग वर. बटणाच्या गाड्यांतच वाढलेली पोर, तिचा काय दोष. मागे थर्मासवाले एक आजोबा होते. ते काही न बोलता पुढे झाले, काच खाली केली, हात बाहेर घातला, दार उघडलं आणि एखाद्या राजवाड्याचा दरवाजा उघडावा तसे बाजूला सरले. मुलगी "थँक्स" म्हणून निघून गेली. आजोबा मात्र पुढच्या स्टेशनापर्यंत हसत होते.

*

त्याच खिडकीची दुसरी बाजू. आवाज ऐकायचा तर डोकं बाहेर हवं, हा बॅशरांचा जुना हट्ट. कोणी कोपरापासून हात बाहेर काढून तालावर हलवतात, त्यालाही यांच्यात शब्द आहे: 'फ्लेल'. 7 ऑगस्ट 2016 ला लंडनमध्ये बॅलमजवळ असंच डोकं बाहेर काढलेला एक तरुण सिग्नलच्या कमानीवर आपटून गेला. 1 डिसेंबर 2018 ला बाथजवळ एका तरुणीला झाडाची फांदी लागली, तीही गेली. त्यानंतर अशा खिडक्यांचे दिवस भरले. मला याची हळहळ वाटत नाही. आवाज काच लावूनही येतो. थोडा कमी येतो, इतकंच.

*

पार्टनपासून व्हाइटहेवनपर्यंत रूळ समुद्राच्या इतके जवळ की भरतीच्या दिवशी काचेवर तुषार येतात. वर ठिसूळ कडा, खाली लाटा. गाडी तिथे रांगते. इंजिन नुसतं पुटपुटत असतं. बॅशर अशा वेळी सँडविच खातात.

*

वेगाच्या गाडीत मजा कमी, हे कळायला मला वेळ लागला. एक्स्प्रेसचं इंजिन एकदा काय तो जोर लावतं आणि मग तासभर एका सुरात चालतं. थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला दर तीन-चार मैलांवर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यात चढ असेल तर सोन्याहून पिवळं.

म्हणून वेल्समधली कार्डिफ–रिम्नी गाडी. 2019 च्या उन्हाळ्यापासून मार्च 2020 पर्यंत तिथे पुन्हा 37 लागत होती. मी एका शनिवारी खास त्यासाठी गेलो. कार्डिफ सोडलं की डोंगराकडे चढण, मग मैलभराहून लांब असा केअरफिलीचा बोगदा, मग दरीतली जुनी खाणगावं एकामागून एक: अस्ट्राड मनाख, हेंगोइड, बार्गोइड. प्रत्येक ठिकाणी थांबा.

एक सुरुवात सांगतो, हेंगोइडची. गार्डची घंटी दोनदा वाजली. आधी काहीच झालं नाही. मग टर्बोची बारीक शिट्टी, कुणी दुसऱ्या खोलीत पाणी उकळायला ठेवल्यासारखी. ती वर चढू लागली आणि तिच्या खालून खर्ज उठला. कानांआधी तो बाकाच्या फळीत जाणवला. डबा हलला तेव्हा शिट्टी आणि खर्ज वेगवेगळे ऐकू येत होते. फलाट संपेपर्यंत दोन्ही एकमेकांत मिसळून गेले आणि दरीच्या भिंतीवर आपटून परत आले. माझ्यासमोर बसलेल्या माणसाने डोळे मिटले होते. बैठकीत गवयाने पहिला सा लावला की जाणकार श्रोता मिटतो तसे. पुढचं स्टेशन आलं, आवाज पडला, त्याने डोळे उघडले आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

*

शेजारी बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाई होत्या. त्यांचं मत स्पष्ट: गाडी जुनी, आवाज फार, दार जड. नवी गाडी कधी येणार? त्या रोज याच गाडीने जात. आमच्यासारखा एका शनिवारी आलेला माणूस त्यांना काय सांगणार? त्यांचं बरोबरच होतं. आमचंही चूक नव्हतं. पण तिकीट त्या रोज काढत होत्या.

*

नॉरफोकमध्ये वेगळाच थाट. नॉरिचहून ग्रेट यारमथ आणि लोवेस्टॉफ्टला तीन डबे आणि दोन टोकांना दोन इंजिनं, म्हणजे शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवायची कटकट नाही. सगळा सपाट दलदलीचा प्रदेश, पवनचक्क्या, गुरं. वाटेत बर्नी आर्म्स नावाचं स्टेशन आहे, तिथे रस्ताच जात नाही. रेल्वेने, होडीने किंवा पायी जायचं. 2019 मध्ये स्वित्झर्लंडच्या श्टाडलर कंपनीच्या नव्या गाड्या आल्या आणि तिथलाही 37 चा खेळ आटोपला.

*

यातली बहुतेक 37 बांधली गेली न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत. नाव ऐकल्यासारखं वाटलं म्हणून डोकं खाजवलं, आणि मग आठवलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिची इंजिनं याच कारखान्याची. जीआयपी रेल्वेने सुरुवातीला मागवलेली आठही इंजिनं व्हल्कनची. पुढे 1950 च्या दशकात डेक्कन क्वीन घेऊन घाट चढणारी डब्ल्यूसीएम-1 विद्युत इंजिनंही इथलीच. मी एका रविवारी ती जागा बघायला गेलो. कारखाना नाही, घरं झाली आहेत. एका अंगणात धुणं वाळत होतं.

*

थर्मासवाल्या त्या आजोबांना एकदा हे ठाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही तर जुने गिऱ्हाईक!"

*

डिसेंबर 2018, कम्ब्रियातल्या 37 चा शेवटचा आठवडा. दाराशी नेहमीच्या दुप्पट गर्दी, कॅमेरे, रेकॉर्डर, दोघातिघांच्या हाती काठीला बांधलेले मायक्रोफोन. कॉफीवाले कामगार वैतागून मागच्या डब्यात गेले. सेंट बीजहून गाडी सुटताना इंजिनाने इतका धूर सोडला की फलाट दिसेना, आणि तीसेक माणसं एकदम ओरडली.

नव्या वेळापत्रकात त्याच वेळेला दोन डब्यांची रेलकार आली. वेळेवर आली. दार बटणाने उघडलं. पुढच्या डब्याच्या दाराशी मी एकटाच होतो.