साखळी आणि बिस्कीट

(द्वितीय वर्ष, कला)

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ते सरळ करण्याची गरज मुळात कुणाला वाटली, हे कुणी विचारत नाही. कुत्र्याला तर नक्कीच नाही! वाकड्या शेपटीने त्याचे काही अडत नाही. अडते ते माणसाचे. म्हणूनच कुत्र्याला शिकवण्याच्या पद्धतींचा विचार करू लागलो की तो विचार कुत्र्यापाशी थांबत नाही, माणसापर्यंत येऊन पोहोचतो.

हा विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही. गेली दोन वर्षे मी सकाळी साडेपाच ते साडेसात शिवाजी पार्कात दुसऱ्यांचे कुत्रे फिरवतो. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. "कॉलेजात शिकणारा पोरगा आणि कुत्री फिरवतो?" असे आमच्या नायगावच्या चाळीत एकीने आईला विचारले. आई म्हणाली, "कुत्री त्याची फी भरतात. मग त्यानं त्यांना फिरवलं तर काय बिघडलं?"

शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर सकाळी देशाचे राजकारण जितके चालते, तितकेच कुत्र्यांचेही चालते. तिथे दोन पक्ष आहेत. पहिला साखळीवाल्यांचा. घरात मालक कोण हे कुत्र्याला एकदा कळले पाहिजे, असे या पक्षाचे म्हणणे. कुत्रा पुढे ओढू लागला की गळ्यातली आवळणारी साखळी झटक्याने खेचायची. नाही ऐकले तर पुन्हा. दुसरा पक्ष बिस्कीटवाल्यांचा. कुत्र्याने हवे ते केले की त्याच क्षणी खाऊ, चेंडू किंवा शाबासकी द्यायची; नको ते केले तर यातले काहीच मिळणार नाही. पहिला पक्ष दुसऱ्याला 'लाडावून ठेवणारे' म्हणतो आणि दुसरा पहिल्याला 'कसाई'. दोन्ही पक्षांची कुत्री माझ्याकडे असल्यामुळे तटस्थ राहणे मला सोयीचे होते. ब्रूनोने मात्र ते राहू दिले नाही.

ब्रूनो हा पार्काजवळच्या एका इमारतीतला अल्सेशियन. वय दीड वर्ष आणि अंगात घोड्याची ताकद. त्याचे मालक निवृत्त गृहस्थ. मी त्यांना काका म्हणतो. त्याची ओढ त्यांना झेपेना, तेव्हा त्यांनी एक अनुभवी ट्रेनर लावला. महिन्याभरात साखळी नुसती खुळखुळली तरी ब्रूनो जागच्या जागी बसू लागला. काका खूश झाले. मी रोज त्याच्याबरोबर चालत होतो, म्हणून मला आणखीही काही दिसत होते. बसताना त्याचे कान मागे जात, शेपूट पोटाखाली जाई आणि समोर खायला काही नसतानाही तो पुन्हा पुन्हा ओठ चाटत राही. पूर्वी अनोळखी माणूस अंगावर आला की तो गुरगुरत असे. गुरगुरला की गळ्याला हिसका बसे. शेवटी त्याने गुरगुरणेच सोडले आणि कुत्रा सुधारला असे सगळ्यांना वाटले.

दिवाळीच्या आठवड्यात एका पाहुण्याने त्याला कुरवाळायला हात उचलला आणि ब्रूनोने तो हात धरला. आधी आवाज नाही, इशारा नाही. टाके पडले, सुया घ्याव्या लागल्या. सोसायटीने काकांना सांगितले, कुत्रा काढा. गुरगुरणे ही कुत्र्याची धोक्याची घंटा असते. घंटेची तार तोडली म्हणून आग विझत नाही, एवढे त्या दिवशी सर्वांना कळले. काकांनी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. मुदत संपेपर्यंत ब्रूनो सुधारला नाही तर त्याचे घर जाणार होते आणि माझ्या फीचा मोठा वाटाही.

योगायोग असा की याच दिवसांत आमच्या मानसशास्त्राच्या बाई वर्गात थॉर्नडाइक शिकवत होत्या. १८९८ साली त्याने उपाशी मांजरांना पेटीत कोंडून त्या बाहेर कशा पडतात ते पाहिले. ज्या कृतीने सुटका होऊन खाऊ मिळे, ती कृती मांजर पुढच्या वेळी लवकर करी. पुढे स्किनरने यातूनच 'साधक अभिसंधान' उभे केले. त्याचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी हे तत्त्व प्रयोगशाळेतून बाहेर आणून नाना प्राण्यांना शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. समुद्रातल्या डॉल्फिनच्या गळ्यात काही साखळी घालता येत नाही. त्यांना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ साली पुस्तक लिहून ही पद्धत घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत नेली. वर्गात 'प्रबलन' हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. पार्कात तो माझ्या खिशात उकडलेल्या चिकनच्या तुकड्यांच्या रूपाने आला.

कारण काकांनी आता दुसऱ्या ट्रेनर बाई बोलावल्या. त्यांनी पहिल्या दिवशी साखळी काढून साधा पट्टा घातला आणि तोंडाला मुसके चढवले. मात्र आत खाऊ घालता येईल असे. मग एका माणसाला तीस पावलांवर उभे केले. ब्रूनोने त्याच्याकडे पाहिले आणि तो शांत राहिला की लगेच चिकनचा तुकडा. 'लगेच' म्हणजे एका सेकंदाच्या आत. उशीर झाला तर बक्षीस कशाचे हे कुत्र्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी एकोणतीस पावले. ब्रूनो ताठरला की पुन्हा मागे. तो माणूस जवळ येईपर्यंत पाच आठवडे गेले. त्यानंतर वर उचललेला हात. आधी हात, मग तुकडा. पुन्हा हात, पुन्हा तुकडा. ज्या हाताला तो घाबरत होता, तो हात दिसला की आता तो खाऊची वाट पाहू लागला. हा काही चमत्कार नव्हे. लिफ्टमध्ये अजूनही त्याला मुसके घालतो आणि कुणी एकदम छत्री उघडली तर तो आजही दचकतो. पण त्याचे घर राहिले. आणि तो पुन्हा गुरगुरू लागला आहे, याचा आम्हा सर्वांना आनंद आहे!

साखळीवाले आपल्या पद्धतीला 'परंपरागत' म्हणतात. ही परंपरा कुणाची, हे पाहिले तेव्हा नवल वाटले. कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. या पद्धतीची घडी त्या पुस्तकात बसलेली दिसते. म्हणजे ती लष्कराच्या आणि पोलिसांच्या बराकीतून आली. माझे आजोबा माण तालुक्यातले मेंढपाळ. त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात दोर नसे. पिलू डोळे उघडल्यापासून मेंढरांत वाढे; संध्याकाळी पहिली भाकरी त्याची आणि नंतर माणसांची. गावाकडे कुत्र्याला कुणी धोंडा मारत नाही असे मी म्हणणार नाही. तो तर रोजचाच. पण ज्या कुत्र्याच्या भरवशावर रात्री डोळा लागायचा, त्याला आजोबा भाकरीने बांधून ठेवत. तेव्हा बिस्कीटही तितकेसे आधुनिक नाही.

राहता राहिला तो "ही लाडाची कामे, कठीण कामाला साखळीच हवी" हा आक्षेप. त्याचे उत्तर दादरकरांनी विसरू नये. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. त्यात आपले प्लाझा सिनेमागृह होते, सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप होता. त्या काळात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात पुण्याहून शिकून आलेला एक लॅब्रॅडोर होता. त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले, अशी नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो वारला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. गंमत म्हणजे त्याचे नाव 'जंजीर', म्हणजे साखळीच! पण वास शोधणाऱ्या कुत्र्याला जगभर शिकवतात ते साधारणपणे चेंडू किंवा खाऊ देऊन. हा वास सापडला आणि शांत बसलास, की चेंडू तुझा. साखळीने कुत्र्याला थांबवता येते, बसवता येते. पण नाक त्याचे आहे. ते मनापासून चालवायचे की नाही, हे तोच ठरवतो.

२०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षेच्या शाळेतली कुत्री जास्त ताणाखाली दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत ताणाचे द्रव्य अधिक वाढलेले आढळले. ब्रूनोचे ओठ चाटणे मला तेव्हा नीट समजले.

हे सगळे मी एका रात्री अण्णांना सांगितले. अण्णा फुलबाजारात हमाली करतात, पहाटे तीनला उठतात. ते म्हणाले, "मार बसल्याबिगर जनावर वळत नाय, आन् पोरगंबी. बिस्कीट संपलं की तुझा कुत्रा ऐकंल का?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "अण्णा, शिकून झालं की रोज बिस्कीट द्यावं लागत नाही. कधी द्यायचं, कधी नाही. मटका लावणाऱ्याला रोज कुठं आकडा लागतो? तरी तो सोडतो का?" अण्णा हसले. मग म्हणाले, "तुला मारलं म्हणूनच तू शिकलास ना?"

मला मार आठवतो. पण त्याहून जास्त आठवते ती झेंडूची माळ. मी पास झालो की अण्णा बाजारातून उरलेल्या झेंडूची माळ आणून चाळीदेखत माझ्या गळ्यात घालत. दर वर्षी जून महिन्यात मी त्या माळेसाठी अभ्यासाला बसत असे. हे मी त्यांना सांगितले. आणि हेही सांगितले की, धाकटा हल्ली चाचणीचे पेपर गादीखाली ठेवतो. तो सुधारलेला नाही, त्याने फक्त गुरगुरणे सोडले आहे.

अण्णा काही बोलले नाहीत. दिवा मालवून झोपले. त्यांना पटले असे मी म्हणणार नाही. चौथीत शाळा सुटलेल्या आणि बारा वर्षांचे असल्यापासून मालकांचा मार खाल्लेल्या माणसाने एका रात्रीत ते पटवून घ्यावे, अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. शिवाय एकोणतीस पावले, अठ्ठावीस पावले मोजायला सवड लागते आणि दमून आलेल्या माणसाजवळ तीच नसते. पट्टा हाताशी असतो.

तरी हा विषय मला आपल्या अंकासाठी महत्त्वाचा वाटला. शाळेतली छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद केली. मनातली अजून बंद झालेली नाही. आपल्यातले पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, आईबाप तर बहुतेक सगळेच. समोरचे मूल गप्प बसले म्हणजे शिकले, असे मानण्याआधी त्याचे कान मागे गेले आहेत का, एवढे तरी आपण पाहू या.