हायसिंथ

‘हायसिंथ’ हें नांव आपल्याकडे बहुधा जलपर्णीच्या निमित्तानेंच कानीं येतें. पुण्याच्या मुळा-मुठेचें पाणी झांकून टाकणारी ही दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति इंग्रजींत ‘वॉटर हायसिंथ’ म्हणून मिरवते. परंतु खऱ्या हायसिंथशीं तिचें जवळचें नातें नाहीं. नातें सांगावयाचेंच तर तें आपल्या निशिगंधाचें. दोघेही शतावरीच्या कुळांतले, दोघांचाही तुरा एका दांड्यावर, आणि सुवास असा कीं खोलींत एकच तुरा पुरे.

हा मूळचा तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया व लेबनॉन इकडील. सोळाव्या शतकांत त्याचे कांदे युरोपांत गेले आणि अठराव्या शतकांत हार्लेमच्या डच माळ्यांनीं त्याचें मोठें प्रस्थ माजविलें. इराणांत तो ‘सुंबुल’. वसंतसंपाताच्या नौरोजला तो घरोघर मांडतात, आणि फारशी कवि प्रियेच्या कुरळ्या केसांस त्याची उपमा देतात.

ग्रीकांकडे मात्र ह्या नांवास शोक चिकटलेला आहे. स्पार्टाचा कुमार ह्याकिंथोस व अपोलो देव चकती फेंकण्याचा खेळ खेळत असतां देवाची चकती लागून कुमार मेला. मत्सरी पश्चिमवाऱ्यानें ती वळविली, असेंही कोणी सांगतात. त्याच्या रक्तांतून फूल उगवलें, व देवानें पाकळ्यांवर ‘आय् आय्’ असा आपला विलाप लिहिला. आतां तीं अक्षरें हायसिंथवर शोधूं जावें, तर पाकळी कोरी! कथेंतील फूल हें नव्हेच, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे.

आम्हांस फुलापेक्षां त्या मुलाचेंच अधिक वाटतें. त्याच्या नांवांतील ‘न्थ’ हा जोड, कॉरिंथ ह्या नांवांतल्याप्रमाणें, ग्रीकपूर्व भाषेंतला मानतात. म्हणजे हा बहुधा तेथला जुना देव असावा. नवा देव आला, आणि कथेंत हा त्याचा सखा होऊन त्याच्याच हातून मेला. जुन्या दैवतास नव्याच्या पायाशीं जागा देण्याची रीत आपणांस कांहीं अपरिचित नाहीं. स्पार्टाजवळ अमिक्लाई येथें अपोलोच्या मूर्तीच्या चौथऱ्यांतच ह्याकिंथोसची समाधि होती. तेथें दर वर्षीं ‘ह्याकिंथिया’ उत्सव तीन दिवस चाले. आरंभीं शोक, भोजनास बसणारे त्या वेळीं मस्तकीं फुलापानांची माळसुद्धां घालीत नसत. मधल्या दिवशीं मात्र मुलें तंतुवाद्यें व पांवे वाजवीत, मुली शृंगारलेल्या गाड्यांतून निघत, आणि पाहावयास सारें नगर ओस पडे.