उंद्रीचे रिकामे गोदाम

उंद्रीला जातो असे म्हटले की पुणेकरांना त्यांच्या शहरालगतची उंड्री आठवते. ही उंद्री बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातली, खामगाव-चिखली रस्त्यावरची. या जिल्ह्यात 'घाटावरचे' की 'घाटाखालचे' एवढ्यावरच माणसाची निम्मी ओळख होते. खामगाव घाटाखाली, चिखली घाटावर. सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस यांवर इकडचा व्यापार चालतो.

येथे माझ्या मेहुण्यांचे धान्याचे दुकान आहे. वय ६६. त्यांतील चाळीस वर्षे गादीवर गेली. (बँकेची खुर्ची काही निराळी नव्हे, हे मी जाणतो.) गेल्या हिवाळ्यात साध्वीजींच्या विहारसेवेत ते पहाटे निघाले. दोन-तीन किलोमीटरांतच त्यांना दम लागला आणि मागून येणाऱ्या गाडीत बसावे लागले. त्यांच्याहून वयाने मोठ्या साध्वीजी अनवाणी पुढे चालत राहिल्या. मधुमेहाच्या अहवालाने जे झाले नव्हते ते त्या पहाटेने केले.

वैशाखात मी गेलो तेव्हा त्यांचे गोदाम रिकामे होते. तूर-हरभरा विकला गेला होता. फरशीवर नातवाने खडूने ४४ फूट लांब व २० फूट रुंद चौकट आखली होती, मधोमध दोन बांबूंना नेट बांधले होते. खेळ होता पिकलबॉल. १९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर तो जन्मला. भारतात तो रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. दुहेरी बॅडमिंटनच्या कोर्टाएवढीच जागा लागते. नेट कडेला ३६ आणि मध्ये ३४ इंच. चेंडू प्लास्टिकचा, छिद्रांचा, म्हणून फार वेग घेत नाही. सर्व्हिस खालून करायची. नेटलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. त्यामुळे तेथे ताकदीपेक्षा हिशेब चालतो, आणि हिशेबात मेहुणे कच्चे नाहीत.

कठीण होते ते शिकणे. ज्यांच्या शब्दावर बाजारात माल उचलला जातो, त्यांना बारा वर्षांचा नातू सांगत होता, "आजोबा, चेंडूकडे पाहा, माझ्याकडे नाही." पहिला आठवडा त्यांनी गोदामाचे दार आतून लावून घेतले. मग गरमीने उघडावेच लागले, आणि हमालांनी पाहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांतला एक जण गुण मोजू लागला.

सूनबाईंची भीती पडण्याची होती, आणि ती रास्त होती. त्यांनी आधी डॉक्टरांकडे तपासणी करवून घेतली, नीट पकड घेणारे बूट आणले. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी पाठमोरे मागे पळायचे नाही, अंग वळवून जायचे, हा नियम तिने भिंतीवर लिहून लावला. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचवते. आपण पहिल्यावर थांबतो. फिरून आलो की झाले. तोल राहूनच जातो. सामायिकानंतर भिंतीला हात न लावता उठता येते का, एवढे पाहिले तरी कळते.

लता भगवान करे मूळच्या याच जिल्ह्यातल्या. पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या या बाईंनी साठी ओलांडल्यावर, पतीच्या तपासण्यांच्या पैशांसाठी, नऊवारीत आणि अनवाणी ज्येष्ठांची शर्यत जिंकली. पुढे त्यांच्यावरील चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला तो वाटत नाही. त्यांच्या पायांत जन्मभराच्या कष्टांची शिल्लक होती. गादीवाल्यांचे ते खातेच उघडलेले नसते. आपल्याला साठीनंतर रोज थोडे थोडे भरावे लागते.

आता खेळ सकाळी होतो, दुकान उघडण्यापूर्वी. धान्याच्या जागेत किडे असतात, म्हणून आधी जयणेने झाडतात आणि पुरेसा उजेड झाल्याशिवाय चेंडू हाती घेत नाहीत. अर्ध्या तासाचे तीन डाव मेहुणे आता न थांबता खेळतात. मी दोन हरलो.

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन आले की गोदाम भरेल. त्यासाठी मेहुण्यांनी मागचे अंगण मोजून ठेवले आहे. लांबी पुरते, रुंदीला तीन फूट कमी पडते. पाण्याची टाकी हलवावी की नाही, यावर सध्या घरात दोन पक्ष आहेत.