ऐंशी रुपयांचा विश्वास

मी जात्याच भित्रा माणूस आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आगगाडीत अनोळखी माणसाने पुढे केलेला पेढा मी कधी खाल्लेला नाही. बँकेत पैसे मोजताना मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. माझ्या कादंबऱ्यांतले नायक रात्री-अपरात्री एकटेच घाट उतरतात, ते बहुधा यामुळेच. जे आपल्याला जमत नाही, ते कागदावर तरी करून घ्यावे!

अशा माणसाच्या हाती रिझर्व्ह बँकेने २०२२ साली फसवणुकीच्या प्रकारांवर काढलेली पुस्तिका पडली, तर त्याचे काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. तीत ‘ज्यूस जॅकिंग’ नावाचा एक प्रकार होता. प्रवाशांच्या सोयीसाठी ठिकठिकाणी फोन चार्ज करण्याच्या ज्या खाचा ठेवलेल्या असतात, त्यांत एखाद्या लबाडाने करामत करून ठेवली, तर तिथे लावलेल्या फोनमधली माहिती चोरीला जाऊ शकते. कारण अगदी साधे आहे. आपल्या नेहमीच्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. पाणी भरायला आलेल्या गड्याला मागचे दार उघडून द्यावे आणि त्याने त्याच दाराने थेट कपाटापर्यंत जावे, तसा हा प्रकार!

एकदा भीती वाटू लागली की मी तिच्या खोलात शिरतो. २०११ साली अमेरिकेत लास वेगास येथे ‘डेफकॉन’ नावाचा मेळावा भरला होता. संगणकाची कुलपे कशी उघडतात हे जाणणाऱ्या लोकांचा तो मेळावा. तिथे काही मंडळींनी फुकट चार्जिंगचे एक खोके उभे केले. फोन लावला की पडद्यावर इशारा उमटे, की बाबा रे, अशा ठिकाणी विश्वासाने फोन लावू नकोस. गंमत अशी की, ही विद्या कोळून प्यालेल्या त्या लोकांतही फोन लावणारे निघालेच! पुढे २०१३ साली जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी चार्जरच्या वेषातला एक छोटा संगणकच तयार केला आणि मिनिटाच्या आत आयफोनमध्ये नको तो प्रोग्रॅम घुसवून दाखवला. तेव्हा त्या फोनला त्याच वर्षी एक प्रश्न विचारायला शिकवण्यात आले. अनोळखी संगणकाशी गाठ पडली की तो मालकाला विचारतो, ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ आता अँड्रॉइडचे फोनही आधी नुसती वीजच घेतात. माहितीचे दार आपण हो म्हटल्यावर उघडतात.

हा प्रश्न मला फार आवडला. मी तो वर्गात मुलांना सांगितला, घरी सौभाग्यवतींना सांगितला आणि परक्या खाचेला फोन लावायचा नाही, असे व्रतच घेतले. एकदा पुण्याहून परतताना बॅटरी संपली, तेव्हा मुका फोन हातात धरून दोन तास बसून राहिलो. पण व्रत मोडले नाही.

आणि त्याच प्रवासाच्या शेवटी, आमच्या गावच्या एस. टी. स्टँडबाहेरच्या एका हातगाडीवर, मी आईसाठी ऐंशी रुपयांचा चार्जर घेतला.

आईचा जुना चार्जर बिघडला होता. माझी धाकटी बहीण नागपूरला असते. देवापुढे दिवा लावून झाला की आई रोज तिच्याशी आणि नातवाशी बोलते. बोलणे लांबते, बॅटरी संपते. म्हणून फोन वायरीला लावूनच ती ओटीवर बसते. नवा चार्जर पांढराशुभ्र होता आणि हाताला कापसासारखा हलका लागत होता. त्या हलकेपणाचे मला तेव्हा कौतुकच वाटले!

गेल्या दिवाळीला बहीण माहेरी आली. वसुबारसेच्या संध्याकाळी अंगणात सडा घालून ती तशीच ओल्या पायांनी आत आली आणि वाजणारा आईचा फोन उचलायला गेली. दुसऱ्याच क्षणी फोन खाली पडला.

“आई, अगं याला करंट आहे!”

“थोड्या मुंग्या येतात खऱ्या,” आई शांतपणे म्हणाली, “मी पदरात धरून बोलते.”

“कधीपासून?” मी विचारले.

“हा नवा आणलास ना, तेव्हापासून. झाले असतील दोन महिने.”

“मग बोलली का नाहीस?” माझा आवाज चढलाच.

“तू एवढा आठवणीनं आणलास. म्हटलं, नव्या वस्तूचं असंच असेल.”

दुसऱ्या दिवशी फराळाला आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर आले होते. त्यांच्यापुढे चकलीच्या आधी मी तो चार्जर ठेवला. त्यांनी पकडीने त्याचे कवच फोडले आणि चष्मा वर करून बराच वेळ आत पाहिले. माझे विज्ञान मॅट्रिकपर्यंतचे; म्हणून त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले.

भिंतीतली वीज असते २३० व्होल्टची आणि फोनला साध्या चार्जरकडून हवी असते पाच व्होल्टची. ही पूर आलेली नदी आणि हा एक तांब्या पाणी! या दोहोंच्या मध्ये चार्जरच्या आत बांध असतो. एका गुंडाळीतली वीज दुसऱ्या गुंडाळीत उतरते, पण त्या दोन गुंडाळ्यांची तार कुठेही एकमेकींना लागलेली नसते. चांगल्या चार्जरमध्ये त्यांच्यामध्ये पक्के आवरण असते आणि खालच्या पट्टीवरही दोन्ही बाजूंत पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा सोडलेली असते. आमच्या चार्जरमध्ये एका ठिकाणी त्या जागेतून पोस्टकार्डाची कड जेमतेम गेली असती. फ्यूजचा तर पत्ताच नव्हता.

“चांगल्या चार्जरवर लावलेल्या धातूच्या फोनलाही कधी कधी पुसट मुंग्या जाणवतात,” सर म्हणाले, “पण तिथं दोन बाजूंच्या मध्ये खास सुरक्षित कपॅसिटर असतो. इथं साधाच बसवलाय. तो कधी दगा देईल सांगता येत नाही. आणि दिला, की नदी थेट फोनच्या अंगात!”

अमेरिकेतल्या यूएल या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१६ साली आयफोनचे ४०० नकली चार्जर तपासले होते. त्यांतले अवघे तीन उत्तीर्ण झाले, आणि बारा तर माणसाचा जीव घेऊ शकतील इतके वाईट निघाले. हे मी पुढे वाचले. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ओटीवर फोन पदरात धरून बसलेली आई होती. दोन महिने, रोज संध्याकाळी!

त्याच दिवशी नवा चार्जर आणला. या खेपेला चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरे वाचली. आपल्याकडे २०१२ सालच्या आदेशाने सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणीत मोबाइलचे चार्जरही येतात. त्यांच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असावे लागतात. आकडे काय, कुणीही छापील. म्हणून ते ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून पाहिले. वस्तू आणि कंपनी, दोन्ही जुळली. जुना चार्जर नुसता फेकला असता तर कुणी गरजू उचलून घेऊन गेला असता. म्हणून त्याच्या पिना मोडल्या आणि मगच टाकला.

पण माझे मन काही हलके झाले नाही. जी चोरी घडल्याची उदाहरणे जाणकारही मोजकीच सांगतात, तिला भिऊन मी दोन तास मुका बसलो होतो. आणि जिच्यात जिवाला धोका, ती वस्तू ऐंशी रुपये मोजून मीच घरात आणली. वाटमारीच्या भीतीने जागा राहणारा मी, घरच्या चुलीकडे पाहायला विसरलो! फोन संगणकाविषयी प्रश्न विचारतो; चार्जरच्या पोटात काय आहे, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. ते विचारायचे माझे काम होते. आईला तर विचारण्याची गरजच वाटली नाही. तिच्यापुरते उत्तर आधीच ठरलेले होते, की मुलाने आणला आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी तिच्याजवळ ओटीवर बसलो.

“आई, यापुढं मुंग्या आल्या, चटका बसला, काही झालं, तर लगेच सांगायचं.”

“सांगीन की,” पणतीतली वात सारीत आई म्हणाली. “पण तूही अधूनमधून विचारत जा रे.”