चार फूट उंचीची मुलगी

छायाचित्र म्हटलें म्हणजे सण, लग्न किंवा स्नेहसंमेलन, आणि नवीं वस्त्रें लेऊन ओळीनें बसलेलीं माणसें, असाच आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु रोजच्या साध्या जीवनाचें चित्र घेऊन तें देशापुढें पुरावा म्हणून ठेवणारेही होऊन गेले. त्यांपैकीं अमेरिकेंतील ल्युइस हाइन ह्यांच्याविषयीं आम्हांस विशेष आपलेपणा वाटतो. कारण ते प्रथम आमच्यासारखेच मास्तर होते.

न्यूयॉर्क येथील शाळेंत शिकवीत असतां त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला. १९०८ सालीं ते राष्ट्रीय बालमजूर समितीचे छायाचित्रकार झाले आणि सुताच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी, कांचेचे कारखाने हिंडले. मालक आंत येऊं देत नसत. तेव्हां कधीं बायबल-विक्रेता, कधीं तपासनीस अशा मिषानें ते प्रवेश मिळवीत. मुलाची उंची ते आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून ताडीत व वय आणि काम खिशांतल्या खिशांत टिपून घेत. तें मिष योग्य कीं अयोग्य, हें वाचकांनींच ठरवावें. नोंद अचूक असावी ह्याविषयीं मात्र ते अत्यंत दक्ष असत.

साउथ कॅरोलायनांतील लँकास्टर येथील त्याच वर्षींच्या एका चित्रांत यंत्रांच्या लांब रांगेपाशीं एक मुलगी उभी आहे. उंची ४८ इंच. काम करूं लागून अर्धें वर्ष झालें, अशी नोंद आहे. चित्रांत रडणें नाहीं, आक्रोश नाहीं. म्हणूनच तें विसरतां येत नाहीं.

१९१६ सालीं बालमजुरीविरुद्ध कायदा झाला; १९१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. टिकाऊ कायदा होण्यास १९३८ साल उजाडावें लागलें. १९४० सालीं हाइन दारिद्र्यांत वारले. आज त्या समितीसाठीं घेतलेलीं त्यांचीं पांच हजारांहून अधिक चित्रें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जपलेलीं आहेत.

आम्ही हें चित्र वर्गांत दाखवितों, तेव्हां मुलें प्रथम यंत्राविषयीं विचारतात, मग मुलीच्या वयाविषयीं. नंतर कोणीच कांहीं बोलत नाहीं. कारण दर जूनमध्यें आमच्या हजेरीपटावरील एक-दोन नांवें गळतात. कोणी हॉटेलांत कपबश्या विसळीत असतो, कोणी वीटभट्टीवर असतो. त्यांचें छायाचित्र कोणी घेत नाहीं. पालकहो, घरची अडचण आम्ही जाणतों. तरीही मूल कामास धाडण्यापूर्वीं एकदां आम्हांस येऊन भेटा. आणि विद्यार्थ्यांनो, शेजारचा बांक रिकामा दिसला तर त्या सोबत्याचें नांव आम्हांस सांगा. तीही एक नोंदच आहे.